परसातलं गवत मशीनने कापताना: खडे, खिळे आणि मधे येणारी माणसं

दिवाळी उलटून चार दिवस झाले होते. फोंड्याकडच्या आमच्या घरापुढच्या लॉनवर मी मोवर फिरवत होतो. कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत वाड्यावरच्या पोरांनी नरकासुराचा पुतळा जाळला होता. त्याच्या सांगाड्यातलं काहीबाही उडून आमच्या गवतात येऊन पडलंय याचा मला पत्ताच नव्हता. मशीनच्या पोटातून ‘टण्ण’ असा आवाज आला आणि धुण्याच्या दगडाजवळच्या निळ्या बादलीतून पाण्याची बारीक धार लागली. बादलीत हात घातला तर बोटभर लांबीची, जळून काळी पडलेली बांधणीची तार निघाली. मशीनपासून बादलीपर्यंत अकरा पावलं भरली. दहा मिनिटांपूर्वी आई त्याच दगडावर चादर आपटत होती.

‘कितें जालें रे?’ तिने आतून विचारलं. ‘कांय ना’ म्हटलं आणि बादली मागच्या दारी नेऊन ठेवली.

त्या दिवशी कागद घेऊन हिशेब केला. माझ्या मोवरचं पातं ४६ सेंटीमीटरचं. इंजिन मिनिटाला साधारण ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. एका फेऱ्यात पात्याचं टोक जवळजवळ दीड मीटर धावतं. गुणाकार केला तर टोकाचा वेग ताशी २६० किलोमीटर निघतो. गोव्याच्या उत्तर टोकाच्या पत्रादेवीहून सुटलेली गाडी या वेगाने गेली तर पाऊण तासाच्या आत दक्षिण टोकाच्या पोळ्याच्या पुढे निघून जाईल. असल्या पात्याला एखादा खडा लागला की तो गोफणीतून सुटल्यासारखाच जातो. मशीनचा पत्रा बहुतेक वस्तू अडवतो. सगळ्या अडवत नाही.

तेव्हापासून मी ठराविक क्रमाने काम करतो. तोच क्रम इथे देतोय. लॉन मोवर आणि ब्रश कटर (लांब दांड्याच्या टोकाला पातं किंवा नायलॉनची दोरी फिरणारं मशीन) दोन्हींबद्दल बोलणार आहे, कारण आपल्याकडे खरं काम ब्रश कटरच करतो. सपाट हिरवी लॉन रिसॉर्टांत आणि बंगल्यांत. बाकी गोव्यात परसू, भाट म्हणजे माडांची बाग, काजूचा डोंगर आणि रस्त्याच्या कडा.

कधी कापायचं

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि गवत डोळ्यांदेखत वाढतं. चवथीच्या आधी सगळ्यांना आंगण लख्ख हवं असतं, म्हणून ऐन पावसात मशीन बाहेर निघतं. ओलं गवत कापू नये, हे ऐकायला सोपं आहे. भाद्रपदात कोरडं गवत आणायचं कुठून? माझा तोडगा असा: सलग चार-पाच तास उघडीप मिळाली आणि गवतावरून हात फिरवल्यावर तळवा ओला झाला नाही, तर कापायचं. नाहीतर चवथीला आंगण थोडं वाढलेलं राहिलं म्हणून गणपती रुसत नाही. ओल्या गवतावर पाय घसरतो, आणि घसरलेला पाय नेमका मशीनखाली जातो. शिवाय ओला चोथा पत्र्याखाली चिकटून पातं अडकतं, मग माणूस हात घालायला जातो. बरीच बोटं अशीच जातात. त्याबद्दल पुढे.

वेळ म्हणाल तर शाळेच्या दिवशी सकाळी नऊ ते अकरा. दव सुकलेलं असतं, पोरं शाळेत असतात, ऊन टाळूवर आलेलं नसतं. दुपारी दोन ते चार सगळे घरात असतात, म्हणून ती वेळ सर्वांत सुरक्षित वाटेल. पण गोव्यात त्या वेळी मशीन सुरू करून बघा. खड्यांपेक्षा शेजाऱ्यांच्या शिव्या जास्त लागतील.

आधी माणसं

मशीन बाहेर काढण्याआधी घरातल्या सगळ्यांना सांगतो: आता गवत कापतोय, पुढच्या बाजूला कुणी यायचं नाही. नुसतं सांगून भागत नाही. पोरांना आत बसवून दाराला कडी घालायची आणि एका मोठ्या माणसाला त्यांच्यावर लक्ष ठेवायला लावायचं. मशीनच्या आवाजात मागून धावत आलेलं मूल ऐकू येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की ढकलायचं मशीन १२ वर्षांखालच्या मुलाने चालवू नये, आणि बसून चालवायचं १६ खालच्याने नाही. नातवाला मांडीवर घेऊन बसायच्या मोवरवर फेरी मारणारे आजोबा मी पाहिलेत. फोटो छान येतो. पण उतारावर एक गचका बसला की पोर मांडीवरून पुढे जातं, आणि पातं तिथेच फिरत असतं.

ब्रश कटरच्या माहितीपुस्तकांत इतर माणसांनी १५ मीटर लांब राहावं असं लिहिलेलं असतं. म्हणजे साधारण वीस पावलं. मी मोवरलाही तोच आकडा लावतो. बादलीचं भोक अकरा पावलांवर पडलं होतं, हे विसरायचं नाही. वीस पावलांच्या आत माणूस, कुत्रा, बांधलेली गाय, कोंबड्या काहीही आलं तर मशीन बंद. आवाज कमी करायचा नाही, बंदच करायचं. गाडी उभी असेल तर ती आधी हलवायची. काचेची किंमत माझ्या खिशातून गेलेली आहे.

घर वाटेला लागून असेल तर एक माणूस वाटेवर उभा करा. कुणी चालत आलं, स्कूटर आली, पोदेर, म्हणजे पाववाला, पों पों करत आला, की त्याने हात वर करायचा. हात वर दिसला की तुम्ही हँडलवरची पातं थांबवणारी दांडी सोडायची. माणूस नसेल तर वाटेकडची बाजू वर्दळ नसताना आधी उरकून घ्यायची.

आणि घरच्यांना आणखी एक सांगून ठेवा, हे फार कमी घरांत सांगतात. मशीन चालवणाऱ्याच्या मागून जाऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही. तो दचकतो आणि चालू मशीनसकट वळतो. ब्रश कटरचं पातं दांड्याच्या टोकाला असतं, म्हणजे वळताना ते सरळ बोलावणाऱ्याच्या पायांवर येतं. चहाला हाक मारायची असेल तर लांबून, त्याच्या समोरच्या बाजूला जाऊन, हात हलवत उभं राहायचं. त्याने बघितलं, इंजिन बंद केलं, पातं थांबलं, मग जवळ जायचं. आमच्याकडे काकी पदर हलवते.

मग जमीन

आता रिकाम्या हाताने, म्हणजे एक डबा आणि एक काठी घेऊन, कापायची सगळी जागा पायी तुडवायची. यात कंटाळा करायचा नाही. मशीनवर वाचवलेली वीस मिनिटं इथे खर्च करा. उभे पट्टे पाडून चालायचं आणि परत आडवे पट्टे. गवत गुडघ्यापर्यंत असेल तर काठीने बाजूला सारत, पायाने चाचपत. काठी आपटत चालण्याचा दुसरा उपयोग म्हणजे नाग, घोणस, मण्यार, फुरसं असलं कुणी मुक्कामाला असेल तर त्याला निघून जायला वेळ मिळतो. पायात गमबूट असावेत. जाळीत गांधीलमाश्यांचं पोळं आहे का तेही याच वेळी बघायचं. मशीनच्या धडधडीने त्या आधी उठतात आणि तुम्हाला नंतर कळतं.

आपल्या जमिनीत काय सापडतं त्याची यादी गुळगुळीत इंग्रजी पुस्तकांत मिळणार नाही. जांभ्याचे खडे पहिले. चिऱ्यांच्या गडग्यातून पावसाळ्यात ते सुटून येतात आणि मातीच्या रंगात मिसळून जातात. चिरा मऊ असतो म्हणून निर्धास्त राहू नका, त्यातल्या लोहाच्या गाठी दगडासारख्याच टणक असतात. माडाखाली करवंट्या, पोयी, चुडताचे जाड बुंधे, गळून पडलेले कोवळे नारळ. करवंटीचा तुकडा धारदार होऊन उडतो. काजूखाली वाळक्या फांद्या. कुंपणाजवळ बियरच्या बाटल्या आणि त्यांची बुचं, कारण वाटसरू बाटली नेहमी गवतातच टाकतो, वाटेवर नाही. नळाजवळ पीव्हीसी पाइपाचे तुकडे. कपडे वाळत घालायच्या तारेखाली चिमटे. पोरांचे टेनिसचे चेंडू. तुळशीच्या लग्नानंतर वृंदावनाभोवती उसाची कांडं आणि सुतळी. नाताळानंतर नक्षत्राच्या, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या कंदिलाच्या, काड्या, बारीक तारा, बल्बांच्या माळेचे तुकडे. आणि नरकासुराचं मघाशी सांगितलंच. हल्ली सांगाडे लोखंडी असतात, तारेने घट्ट आवळलेले. जळून गेल्यावर लोखंड कुणी तरी भंगारात घालायला उचलतो, तारा आणि खिळे राहतात. ज्या मैदानावर नरकासुर जाळला तिथे मी लोहचुंबक फिरवल्याशिवाय मशीन नेत नाही. जुन्या स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून ओढला तरी चालतो. दिवाळीनंतर एकदा माझा अर्धा डबा भरला होता.

जे उचलता येत नाही त्याला खूण करायची. पाण्याचा मीटर, सेप्टिक टँकचं झाकण, स्प्रिंकलरचं तोंड, कापलेल्या झाडाचा खुंट, जमिनीतून वर आलेली मुळं. मी बांबूच्या कामट्यांना लाल फडकी बांधून ठेवली आहेत. मशीन तिथे नेतच नाही, तेवढं कोयत्याने किंवा हाताने कापतो. विहिरीचा कठडा बुटका असेल तर त्याच्याभोवतीचंही तसंच.

मार्च ते ऑगस्टमध्ये टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल तर समजा अंडी जवळपास उघड्या जमिनीवरच आहेत. खड्यांच्या रंगाची असतात. तेवढा तुकडा सोडून द्यायचा. तीन-चार आठवड्यांनी अंडी फुटली की पिल्लं आपोआप निघून जातात.

अंगावर काय

चपला घालून मशीन चालवू नये, आणि गोव्यात नव्वद टक्के लोक चपला घालूनच चालवतात असं मला वाटतं. हा आकडा माझ्या डोळ्यांचा आहे, कुठल्या पाहणीचा नाही. पुढून कडक टोपी असलेले, तळव्याला खाचा असलेले बूट हवेत. जाड लांब पँट. डोळ्यांना बाजूनेही झाकणारा चष्मा, साधा गॉगल नाही. ब्रश कटरसाठी चष्म्यावर जाळीचं मुखवट्यासारखं झाकणही. जाळी खडे अडवते, बारीक कचरा नाही, म्हणून चष्मा आत हवाच. पेट्रोलच्या मशीनचा आवाज ९० डेसिबलच्या घरात जातो. रोजचं काम असेल तर ८५ च्या वर कान झाकायला हवेत, म्हणून कानपट्ट्या वापरा. गळ्यातला टॉवेल, सैल लुंगी, लोंबणारी ओढणी काढून ठेवायची.

सत्तरी तालुक्याकडच्या किंवा रानाला लागून असलेल्या जागेत पँट मोज्यांत खोचा आणि काम संपल्यावर अंगावर गोचीड आहेत का बघा. २०१५ पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडांतून येतो.

पेट्रोल आणि सुरुवात

पेट्रोल उघड्यावर भरायचं, इंजिन थंड असताना. काम मधेच थांबवून भरायचं असेल तर दहा-पंधरा मिनिटं मशीन निवू द्या. तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेलं पेट्रोल भडकायला विडीची गरज लागत नाही. जिथे भरलं तिथून तीन मीटर लांब नेऊन मगच दोरी ओढा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवू नका. घरातलं कुणीतरी एक दिवस ती तोंडाला लावेल. टू-स्ट्रोक ब्रश कटरमध्ये तेल किती मिसळायचं ते मशीनच्या पुस्तकात बघा. बऱ्याच मशीनना ५० ला १ लागतं, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर.

बंद गॅरेजमध्ये किंवा पडवीत इंजिन सुरू करायचं नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही.

दोरी ओढण्याआधी दोन गोष्टी तपासा. मागचं रबरी झाकण आणि बाजूच्या तोंडाचा फ्लॅप जागेवर आहे का. गवत बाहेर नीट पडत नाही म्हणून हा फ्लॅप तारेने वर बांधून ठेवलेली मशीन मी पाहिली आहेत. पत्र्याने अडवलेला खडा मग नेमका तिथूनच बाहेर येतो. पिशवी लावत असाल तर ती फाटलेली नको, फाटक्या पिशवीतून दगड गवताबरोबर सरळ पोटरीवर येतो. दुसरं म्हणजे हँडलवरची दांडी. ती सोडली की पातं थांबलं पाहिजे. अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे की दांडी सोडल्यावर तीन सेकंदांत पातं थांबायला हवं. हात दुखतात म्हणून ती दांडी सुतळीने हँडलला बांधून टाकणारे लोक आहेत. अशा मशीनवर तुम्ही घसरून पडलात तर पातं फिरतच राहतं आणि मशीन तुमच्याकडे येतं.

चालवताना

उंची आधी जास्त ठेवा, अडीच-तीन इंच. उंचावरून फिरणारं पातं जमिनीतले खडे उचलत नाही, आणि पायी फेरीत राहून गेलेली वस्तू दिसायला एक संधी मिळते. गवत फारच वाढलेलं असेल तर दोन वेळा कापा. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापलं तर लॉनही पिवळी पडते.

गवत फेकणारं तोंड कुठल्या बाजूला आहे ते डोक्यात ठेवा. बहुतेक मोवरचं उजवीकडे असतं. अशा मशीनने परसाच्या कडेने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फेरे घातले तर गवत, आणि आलाच तर खडा, आतल्या बाजूला पडतो. उलट फिरलात तर सगळं रस्त्यावर, शेजाऱ्याच्या काचेवर किंवा आपल्याच बाल्कनीवर. रस्त्याला आणि घराला लागून असलेले पहिले तीन-चार फेरे तरी असेच घ्या. पुढे आत आल्यावर कसंही.

खडी घातलेली वाट, फरशी किंवा चिऱ्यांचं आंगण मधे आलं की पातं बंद करून मशीन ढकलत न्या. पलीकडे गेल्यावर परत सुरू. दोन मीटरसाठी कोण थांबवतं, असं वाटतं. त्या दोन मीटरांत जेवढे खडे आहेत तेवढे बाकी सगळ्या लॉनमध्ये नसतात.

मशीन पुढे ढकलायचं. आपल्याकडे ओढत मागे सरकायचं नाही, कारण मागे दिसत नाही आणि पाय चाकाच्या आधी पोचतो. कोपऱ्यात ओढावंच लागलं तर थांबून मागे बघायचं, मग ओढायचं. उतारावर ढकलायच्या मोवरने आडवं कापायचं, वरखाली नाही. बसायच्या मोवरने उलट, सरळ वरखाली. चार फूट पुढे गेल्यावर एक फुटापेक्षा जास्त चढ असेल तर मोवर नेऊच नका, तिथे ब्रश कटर किंवा कोयता.

आवाज बदलला, खडखड आली, मशीन थरथरायला लागलं, की दांडी सोडा. पातं वाकलं असेल किंवा बोल्ट ढिला झाला असेल. ‘एवढा एक पट्टा संपवून बघतो’ असं म्हणून पुढे जाऊ नका.

अडकलेलं पातं

ओलं गवत किंवा सुतळी पात्याला गुंडाळली की मशीन गुरगुरून बंद पडतं. आपण वाकतो आणि हात आत घालतो. इथे थांबा. इंजिन बंद असलं तरी अडकलेल्या पात्यावर ताण असतो, अडथळा सुटला की ते अर्धा-एक फेरा झटक्याने घेतं. आणि पातं हाताने फिरवलं तर इंजिनही फिरतं, प्लगला ठिणगी मिळाली तर ते सुरूही होऊ शकतं.

म्हणून दांडी सोडायची, पातं पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, मग प्लगवरची काळी रबरी टोपी उपटून बाजूला करायची. ती परत आपोआप प्लगला टेकणार नाही अशी लांब वळवून ठेवायची. पेट्रोलचा कॉक असेल तर बंद. मशीन आडवं करायचं असेल तर एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर वरच्या बाजूला येतील असं, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं. आता काठीने किंवा जुन्या खुरप्याने चोथा काढा. हाताने नाही, हातमोजा असला तरी नाही. विजेवरचं मशीन असेल तर प्लग भिंतीतून काढून खिशाजवळ ठेवा, बॅटरीवरचं असेल तर बॅटरी बाहेर.

विजेच्या मोवरबद्दल एवढंच: ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय लावू नका, आणि सॉकेटजवळून सुरुवात करून लांब जात राहा, म्हणजे वायर नेहमी कापलेल्या भागावर, तुमच्या मागे राहते. पाऊस शिंतडला की बंद.

ब्रश कटर वेगळा प्राणी आहे

मोवरला पत्रा असतो. ब्रश कटरला पायाकडच्या बाजूला वीतभर गार्ड, बाकी सगळं उघडं. म्हणून १५ मीटरचं वर्तुळ इथे अक्षरशः पाळायचं. दोन माणसं एकाच भाटात कापत असतील तर त्यांच्यात पण तेवढं अंतर.

सरळ दांड्याच्या मशीनचं डोकं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. उजवीकडून डावीकडे झाडू मारल्यासारखं कापलं तर गवत डावीकडे, कापलेल्या भागावर पडतं. धातूचं पातं लावलं असेल तर घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणा. पुढचा उजवा भाग, १२ ते ३ मधला, खुंटाला किंवा चिऱ्याला लागला तर मशीन जोरात उजवीकडे फेकलं जातं. तुम्हीही त्याच्याबरोबर फिरता, आणि त्या बाजूला कुणी उभं असेल तर पातं त्याच्याकडे. खुंटांच्या जागी नेहमी डाव्या बाजूने कापा आणि खांद्याचा पट्टा लावलेलाच ठेवा.

काय लावायचं? आंगण, गडग्याची कड, माडांच्या आळ्यांभोवती नायलॉनची दोरी. रानटी झुडपं, जाड दांडे यांना धातूचं पातं. गडग्याजवळ धातूचं पातं नेऊ नका. आणि हे वाक्य ठळक अक्षरांत समजा: नायलॉन संपलं म्हणून मोटारसायकलची क्लच वायर कापून डोक्याला लावू नका. ही युक्ती गावोगाव फिरते. वायरीचे तुकडे तुटतात आणि प्रत्येक तुकडा माझ्या त्या नरकासुराच्या तारेसारखा सुटतो, फक्त कितीतरी जास्त वेगाने.

पावसाळा संपल्यावर कुंपणावर खाजकुयली असेल तर तिला नायलॉनने फोडू नका. मखमली शेंगांची लव हवेत उडते आणि तुम्हीच नाही, वाऱ्याच्या दिशेला असलेलं अख्खं घर खाजवत बसतं. शेंगा हिरव्या असतानाच वेल मुळाशी कोयत्याने तोडायचा.

मजूर बोलावला तरी जबाबदारी आपली. बरेच कामगार स्वतःचं मशीन आणतात आणि चपला, साधा गॉगल एवढंच असतं. मी बूट आणि जाळीचा मुखवटा घरीच ठेवतो आणि ते घातल्याशिवाय काम सुरू करू देत नाही. पायी फेरी त्याच्याबरोबर मीही मारतो. रोजावर काम असेल तर घाई होत नाही. एकूण कामाचे पैसे ठरवले की फेरी मारायची सोडून तो आधी दोरी ओढतो. दोष त्याचा कसा म्हणायचा?

लागलंच तर

डोळ्यात काही घुसलं असेल तर चोळू नका, उपटू नका. कागदी कप उलटा ठेवून चिकटपट्टीने बसवा म्हणजे डोळ्यावर दाब येत नाही, आणि सरळ रुग्णालयात जा. जखम असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. कापड भिजलं तर काढू नका, वरून दुसरं घाला. बोट तुटलं तर ते शोधा, स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात नाही. साप चावला तर न चालता, न बांधता, न कापता, हात-पाय हलवू न देता रुग्णालय. १०८ ला फोन करा. मोठी जखम असेल तर बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जावं लागण्याची शक्यता धरून गाडी तयार ठेवा. गंजलेली तार किंवा माती लागलेली जखम लहान वाटली तरी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं.

काम संपल्यावर

मशीन निवलं की प्लगची टोपी काढून पत्र्याखालचा चोथा खरवडा. आपल्या दमट हवेत तो आठवडाभर राहिला तर पत्रा गंजतो, आणि गंजून भोक पडलेला पत्रा खडे अडवत नाही. पात्यावर चिरा, खाचा, वाक दिसतोय का बघा. वाकलेलं पातं हातोडीने सरळ करायचं नाही, बदलायचं. नुसती धार गेली असेल तर जाड हातमोजे घालून पातं काढा, कानशीने दोन्ही बाजूंना सारखी धार काढा आणि मग भिंतीत खिळा ठोकून मधल्या भोकाने पातं त्यावर आडवं अडकवा. एक बाजू खाली झुकली तर ती जड आहे. त्या बाजूला आणखी थोडी कानस मारा, परत अडकवा. आडवं, समतोल थांबलं की बसवा आणि बोल्ट पुस्तकात सांगितलं तेवढा आवळा.